कान्हेरी लेणी : तिसऱ्या लेण्यावरूनच परत फिरू नका

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, मुख्य दारापासून साधारण 6 किलोमीटर आत कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून जास्त बौद्ध लेणी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं खोदली गेलेली. तरी बहुतेक मंडळी तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात, फोटो काढतात आणि बस धरून परततात. जागेला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. जाण्यायेण्याच्या सोयीला बेताचेच, पण ती उणीव आखणी नीट केली तर भरून निघते.

सोमवारी उद्यान बंद असतं, तेव्हा तो वार सोडून बेत करावा. तिकिटं दोन लागतात: दारावर उद्यानाचं आणि वर लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचं. 15 वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागत नाही. वरचं तिकीट ऑनलाइन काढायचं असेल तर दाराबाहेरच काढून घ्यावं, कारण आत मोबाईलची रेंज कुठे असते, कुठे नसते. मेट्रो 7 चं राष्ट्रीय उद्यान स्थानक दाराजवळ आहे; बोरिवली पूर्वेहून रिक्षाही मिळते. खासगी गाड्यांचे नियम बदलत राहतात, म्हणून गाडी बाहेरच राहणार असं धरून निघावं.

दारातून वर जायला उद्यानाची बस किंवा भाड्याची सायकल. बस भरल्यावर सुटते. सकाळी लवकर गेलात तर ताटकळावं लागत नाही, रविवारी दुपारी परतताना मात्र रांग लागते. सायकल घ्यायची तर दोन्ही ब्रेक दाबून बघा, सीटची उंची तिथेच लावून घ्या. लेण्यांजवळचा शेवटचा चढ दमवतो, बऱ्याच जणांना उतरून सायकल ढकलावी लागते. परतीला तोच उतार, आणि सैल ब्रेकची किंमत तिथे मोजावी लागते.

आता मुख्य गोष्ट, क्रम. चैत्यगृह पायथ्याशीच आहे, त्यामुळे सगळे आधी तिथेच घुसतात. उलट करावं. सकाळच्या गारव्यात वरचे टप्पे आधी बघावेत आणि चैत्यगृह उतरताना दुपारी घ्यावं. त्याचं तोंड पश्चिमेला आहे, दुपारनंतर ऊन व्हरांड्यात येतं आणि दोन्ही टोकांच्या साधारण 7 मीटर उंच बुद्धमूर्ती उजळतात. आत 34 खांब आहेत, पण नक्षीची शीर्षं त्यांतल्या काहींनाच आहेत, बाकीचे साधेच राहिले. गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी हे चैत्य करवलं, असं इथला शिलालेख सांगतो. तो यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाच्या काळातला मानतात.

वर काय बघायचं? क्रमांक 11 चं दरबार लेणं चुकवू नये: लांबट दालन, मधोमध जमिनीतूनच कोरलेले दोन बुटके, लांब ओटे. वेरूळचं पाचवं लेणं बघितलेल्यांना ते लगेच आठवेल. 34 मध्ये छतावर अर्धवट राहिलेलं बुद्धाचं चित्र आहे. मान वर करून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबलं तरच दिसतं. 41 मध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आहे; तो भारतातल्या लेण्यांत फार दुर्मीळ. 90 मध्ये संकटांतून तारणारा अवलोकितेश्वर आहे, शिवाय 1009 आणि 1021 सालच्या पारशी यात्रेकरूंचे पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत. क्रमांक डोंगरावर सरळ ओळीत लागत नाहीत, त्यामुळे नकाशा मोबाईलमध्ये आधीच उतरवून ठेवावा.

आणि पाणी. माझ्या मते कान्हेरीचं खरं मोठेपण यात आहे. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या, दाराशी खडकात कोरलेली पोढी आहे, म्हणजे पाण्याचं टाकं. तोंड लहान चौकोनी, आत पोकळी मात्र बरीच मोठी, म्हणून पाणी झाकलेलं राहतं आणि वाफ कमी होते. लेण्याच्या कपाळावर आणि अंगणाच्या खडकावर बारीक चर दिसतील. उतारावरचं पावसाचं पाणी वळवून ते टाक्याकडे नेतात. एखादा चर बोटभर रुंदीचा असतो, पण त्याचा उतार कुठेही तुटलेला नसतो. शिलालेखांत पोढीचं दान वेगळं नोंदवलेलं आढळतं, आणि दात्यांमध्ये कल्याण, सोपाऱ्याची माणसं आहेत. हे सगळं बघायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम: टाकी भरलेली असतात आणि खडक वाळलेला असतो.

पावसाळ्यात इथलं रान सुरेख दिसतं यात शंका नाही. पण कोरलेल्या पायऱ्या शेवाळाने बुळबुळीत होतात आणि दोन डोंगरांमधल्या ओढ्याला पाणी चढायला वेळ लागत नाही. वर जोराची सर सुरू झाली की ओढा ओलांडायचा नाही. रबरी, खाचांचा तळ असलेले बूट घालावेत, चपला नकोत. एप्रिल-मेमध्ये उघडा कातळ तापतो, 10 नंतर वर जाऊ नये.

माणशी दोन लिटर पाणी न्यावं. खाण्याचं सामान चेन असलेल्या पिशवीतच ठेवा. माकडं हातातली प्लास्टिकची पिशवी ओढून नेतात, आणि एकदा त्यांना खायला दिलं की पुढच्या माणसाला त्रास होतो. हे बिबट्यांचं जंगल आहे, म्हणून मळलेली वाट सोडू नये, मुलांना पुढे एकटं धावू देऊ नये आणि संध्याकाळ व्हायच्या आत खाली उतरावं. शिलोंढ्यासारख्या रानवाटांना वनखात्याची परवानगी लागते, लेण्यांचं तिकीट तिथे चालत नाही. वाघ-सिंहांची सफारी कुंपणातली आहे, त्यासाठी लेण्यांचा वेळ तोडू नये.

भिंतींना हात लावू नका, हे इथे कळकळीने सांगावंसं वाटतं. कान्हेरीचा खडक बराचसा भरड, ठिकऱ्याठिकऱ्यांचा आहे. मूर्तींचे चेहरे आधीच झिजलेत, हाताचा घाम आणि घासणं त्याला आणखी खातं. नावं कोरणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं!

नीट बघायचं तर चार तास धरा. गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना बसने पायथ्यापर्यंत नेता येतं. तिथून थोड्या पायऱ्या चढून पहिली तीन लेणी होतात. त्यांनी 34 आणि 41 च्या फंदात पडू नये, कारण वरच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, आणि उतरताना बहुतेक ठिकाणी धरायला काही नाही.