गाणं शिकायचं: विद्यालयात की बाईंच्या घरी?

मैत्रिणीची लेक नऊ वर्षांची, गळा गोड. नाशिकच्या पंचवटीतलं संगीत विद्यालय की गंगापूर रोडला बाईंच्या घरी शिकवणी, यावर त्यांच्या घरात एकमत होईना.

विद्यालयांची ही पद्धत गायक विष्णु दिगंबर पलुस्करांची. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं; पुढे ते नाशिकला आश्रम करून राहिले. ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलेखन, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत परीक्षा. फी परवडते, ताल आणि शास्त्र सुटत नाही. पण वर्गात एकीचा कोमल गंधार, म्हणजे उतरता ‘ग’, चढा लागला, तरी तबला पुढे जातो. भूप रागाची बंदिश आणि पाच ताना तोंडपाठ, आलाप, म्हणजे रागाचा संथ विस्तार, मात्र स्वतःचा सुचत नाही, अशी मुलं मी पुष्कळ ऐकली आहेत. हे मनाला फार लागतं.

बाई तोच गंधार तानपुऱ्यावर बसेपर्यंत सोडत नाहीत. फी जास्त, वेळ त्यांच्या सोयीची. परीक्षा एखाद्या केंद्रातून देता येते.

आवड अजून ठरायची असेल किंवा पुढे संगीतशिक्षक व्हायचं असेल, तर विद्यालय. रोज तासभर रियाजाची तयारी आणि मैफलीची ओढ असेल, तर बाई. या मुलीला मी ‘प्रवेशिका पूर्ण’ या परीक्षेपर्यंत विद्यालयातच घालीन, मग बाईंकडे.