मेसालामाइन: गोळी की सपोझिटरी?

बडोद्याला दांडिया बाजारात राहणाऱ्या मावशीने विचारलं, "गोळ्या चालू आहेत, मग हे खालून कशाला?" तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येण्याचा आजार. मेसालामाइन हे ती सूज कमी करणारं औषध; ते गोळीतून मिळतं, तसंच सपोझिटरीतून, म्हणजे गुदद्वारातून आत ठेवायच्या वडीतून. प्रश्न रास्तच, पण सूज गुदाशयापासून सुरू होऊन वर चढते.

गोळी घेणं सोपं. पण दिवसाला 2.4 ते 4.8 ग्रॅम लागतात. 400 मिलिग्रॅमच्या असल्या तर 6 ते 12 गोळ्या! शिवाय गुदाशयापर्यंत औषध कमीच पोचतं. सपोझिटरी रात्री एकच, 1 ग्रॅमची. पहिल्या रात्री मावशी दार लावून रडली, मला फार वाईट वाटलं. आठवड्याभरात शौचातून पडणारं रक्त थांबलं. खर्च दोन्हींचा दीर्घकाळ. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका, आजार उलटतो.

सूज गुदाशयापुरती असेल तर सपोझिटरी. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूपर्यंत असेल तर एनिमा (गुदद्वारातून आत सोडायचं पातळ औषध) आणि गोळी. सगळ्या मोठ्या आतड्यात असेल तर गोळी हवीच, जोडीला एनिमा.