देणगीची पावती हातात आली तिथेच उठायला हवं होतं

एकूण ४८,००० रुपये गेले. चूर्ण ९,६००, मालिशचं तेल ३,९०० आणि ‘चुंबकीय’ गादी ३४,५००. अण्णांना पार्किन्सन म्हणजे कंपवात आहे, झोपेचं पार खोबरं झालेलं. गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये मोफत शिबिर. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

आम्ही अडाणी नाही. पण शिबिरातल्या त्या माणसाने नाडी धरून सांगितलं, “काका, रात्री कूस वळता येत नाही, तीनदा लघवीला उठता, झोपेत ओरडता, लाथा मारता.” सगळं खरं! पार्किन्सनच्या कितीतरी पेशंटना हे जसंच्या तसं लागू पडतं, हे तेव्हा कुठे सुचलं? लेव्होडोपा म्हणजे पार्किन्सनची मुख्य गोळी, तिचा असर रात्री उतरला की अंग लाकूड होतं. स्वप्नात हातपाय झाडणं तर काहींना कंप सुरू व्हायच्या आधी कित्येक वर्षं असतं.

बिल मागितलं तर देणगीची पावती दिली. पुड्यांवर ना घटक, ना बॅच नंबर, ना परवाना क्रमांक. मी ती पावती मुकाट्याने घडी करून खिशात टाकली. त्या घडीचा अजून संताप येतो.

वर “चालू गोळ्या आजच बंद करा.” असं कुणी म्हटलं की उठा. लेव्होडोपा एकदम तोडलं तर ताप चढतो, अंग कडक होतं, जिवावर बेततं. आईने गोळ्या थांबवू दिल्या नाहीत म्हणून निभावलं. चूर्णाने झोप लागली, पण सकाळी दहाला हलवूनही डोळे उघडेनात, उशी लाळेने भिजलेली. झोपेच्या गोळीची भेसळ असावी, असं न्यूरोलॉजिस्ट म्हणाले. त्या गुंगीत उठताना अण्णा पडले असते तर खुबाच मोडला असता.

पोलीस ठाण्यात विचारलं, “देणगी स्वखुशीने दिलीत ना?” औषधांच्या कार्यालयात “सीलबंद पाकीट आणा”, अहो, विकलंच पुडीत बांधून! चार चकरा, दोनदा साहेब मीटिंगमध्ये, एकदा अर्जच सापडेना. ग्राहक तक्रारीला गेलो तर “बिल कुठंय?” आजारी माणसाला घरी एकटं सोडून माणसाने किती दारं झिजवायची?

उपाय डॉक्टरांकडेच होते. झोपताना सावकाश सुटणारी लेव्होडोपा, अमान्टाडीन या पार्किन्सनच्याच दुसऱ्या गोळीचा संध्याकाळचा डोस दुपारी, सहानंतर पाणी कमी. हे डोस मनाने बदलू नका. चादरीवर कमरेखाली सॅटिनचा पट्टा अंथरला, पायाशी सुतीच ठेवली, म्हणजे टाच रोवता येते आणि कंबर सरकते. दीड मीटर कापड, २७० रुपये. अण्णा आता स्वतः कूस वळतात.

गादी माळ्यावर पडून आहे. “परत घेतो, आधी प्रोसेसिंगचे २,५०० भरा,” असे दोन फोन येऊन गेलेत. तुम्हालाही येतील. भरू नका.