सहा इंची दुर्बीण, आठ महिने, नागपूरची गच्ची

मागच्या दिवाळीच्या तोंडावर ही डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण घेतली. आरसा 6 इंची, नाभीय अंतर 1200 मिमी, सोबत 25 आणि 10 मिमीचे आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं. त्यातून वस्तू 48 पट आणि 120 पट मोठी दिसते. पहिल्या आठवड्यात कुठलीही वस्तू चांगलीच वाटते, म्हणून आठ महिने थांबून लिहितोय.

आरसा उत्तम आहे. अष्टमीच्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेजवळची विवरं अशी दिसतात की कडा उजळलेल्या आणि तळ काळे कुट्ट. गुरूचे दोन पट्टे आणि चारही मोठे उपग्रह पहिल्याच रात्री दिसले. मृगातला तेजोमेघ शहरातून राखाडी धुक्यासारखा दिसतो, पण दिसतो. शोधक दुर्बिणीचा स्क्रू मात्र सारखा सैल होतो. तो घट्ट करायला पेचकस खिशातच ठेवावा लागतो.

खरा त्रास मार्चनंतर. आपल्याकडची गच्ची दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत वाफा सोडत राहते. एप्रिलमध्ये गुरू असा हलत होता, जसं हौदाच्या तळाला पडलेलं नाणं. ज्या ऑनलाइन ग्रुपच्या भरवशावर दुर्बीण घेतली, तिथं विचारलं. तासाभरात अकरा उत्तरं आली. आरशाला पंखा लावा, आयपीस बदला. मी 6500 रुपयांचा आयपीस मागवला. गुरू तितकाच हलत राहिला, फक्त जरा मोठा होऊन.

उत्तर मिळालं ते वेगळ्याच वाटेनं. मी सहज लिहिलं होतं की समोरच्या मैदानावरचे दिवे दहाला बंद होतात, मगच निरीक्षण सुरू करतो. त्यावर एकाचा खासगी निरोप आला: "तुम्ही प्रतापनगरात राहता का?" हा सदस्य एका तेजोमेघाच्या क्रमांकाच्या नावानं लिहायचा. मी त्याला पुण्याचा धरून चाललो होतो. तो माझ्यापासून तीन गल्ल्या सोडून राहतो. आम्ही दूधही एकाच डेअरीतून घेतो.

दुसऱ्या दिवशी तो गच्चीवर आला, फरशीवर हात ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, आरशाचं सोडा, हे तापून राहिलं ना. संध्याकाळीच दोन बादल्या पाणी मारा, अन् त्या कूलरपासून दूर बसा." त्या रात्री गुरूचे पट्टे स्थिर दिसले, जुन्याच आयपीसमधून. हे ग्रुपवर का नाही सांगितलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तिथं गच्चीचं कोण विचारते?"

तेव्हापासून माझ्या मनात हेच घोळतंय. अशा ग्रुपमध्ये सगळ्यांना समान असतं ते फक्त सामान. आरसा बंगळुरूत तोच, पुण्यात तोच, म्हणून बोलणं आरशावरच येऊन थांबतं. आकाश, धूळ, गच्ची, मैदानावरचे दिवे हे ज्याचं त्याचं. ते कोणी लिहीत नाही, आणि मग शेजारचा माणूस ओळखायला काही खूणच उरत नाही. घरात महागडी वस्तू असली की लोक पत्ताही लपवतात, तेही समजण्यासारखंच.

दुसरं नुकसान घरात होतं. मी घरीही 'कॉलिमेशन' (आरसे नीट जुळवणं), 'सीइंग' (हवा किती स्थिर आहे ते) असंच बोलू लागलो होतो. नोव्हेंबरात वरच्या मजल्यावरच्या काकू शनीची कडी बघायला आल्या. 2025 मध्ये ती कडी कडेनं, सुईसारखी बारीक दिसत होती. शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात, त्यामुळे साधारण दर पंधरा वर्षांनी असं होतं. मी त्यांना कोन आणि कललेला अक्ष समजावत बसलो. "बरं," म्हणून त्या खाली गेल्या. स्वयंपाकघरातली ताटली डोळ्यांसमोर आडवी धरून दाखवली असती तर क्षणात कळलं असतं. त्याची हळहळ अजून वाटते.

आपल्या जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली. हे मला शेजाऱ्यानं सांगितलं, ग्रुपमध्ये कधी वाचलं नाही. चैत्र अमावास्येला आम्ही दोघं सिल्लारीकडे गेलो. मध्यरात्री दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ नुसत्या डोळ्यांनी पुसट ताऱ्यासारखा दिसत होता आणि दुर्बिणीत साखर सांडल्यासारखा. नवशिक्यांसाठी ग्रुपमध्ये फिरणाऱ्या यादीत तो नाहीच. ती यादी युरोपातल्या कुणीतरी केलेली, आणि तिथल्या बहुतेक भागात तो क्षितिजावर येतच नाही. नागपूर 21 अंश उत्तरेला, त्यामुळे आपल्याला तो चांगला वीसेक अंश वर दिसतो.

दुर्बीण घ्या, पैसे वसूल होतात. आयपीस सहा महिने घेऊ नका. पावसाळ्यात आरसा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झाकून ठेवा, बुरशी धरते. मी ग्रुपवर आता नावापुढे 'प्रतापनगर, नागपूर' लिहितो. परवा मानेवाड्याच्या एका मुलीनं विचारलं, तिच्या गच्चीवरून दक्षिण मोकळी आहे, काय काय दिसेल? पावसाआधीच्या एखाद्या मोकळ्या रात्री आम्ही दोघं तिच्या घरी जाणार आहोत. वरच्या काकूही येतो म्हणाल्यात.