नाथसागरावरचे उडते पक्षी: जुना डीएसएलआर घ्यावा की मिररलेस?

हिवाळा लागला की नाथसागराकडे, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाकडे, पैठणच्या वाटेने गाड्या वळतात आणि हौशी मंडळींत एकच प्रश्न फिरायला लागतो: बसलेला पक्षी झकास येतो, उडाला की मऊ, म्हणजे धूसर येतो, तर आता कॅमेरा बदलू का? बदलायचाच असेल तर बहुतेकांची गाडी दोन संचांवर येऊन अडते. एक, जुन्या बाजारातला निकॉन डी५०० (डीएसएलआर, आत आरसा असलेला) आणि त्यावर २००–५०० मिलिमीटर एफ/५.६ लेन्स (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). दुसरा, कॅनन आर७ (मिररलेस, आरसा नसलेला) आणि आरएफ १००–४०० एफ/५.६–८. दुसरा संच कोरा घेतला तर खिशाला चांगलाच चिमटा बसतो. दोन्ही कामाचे आहेत, पण एकाच कामाचे नाहीत.

पैसे मोजण्याआधी जुने फोटो संगणकावर मोठे करून बघा. पक्षी मऊ आणि त्याच्या पुढचं किंवा मागचं पाणी धारदार असेल, तर फोकस चुकला. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल, तर दोष फोकसचा नाही, शटरचा आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारा रोहित (फ्लेमिंगो) सेकंदाला साधारण १४ मीटर कापतो. १/५०० सेकंदाच्या शटरला तो २८ मिलिमीटर सरकतो, १/२००० ला ७ मिलिमीटर. पंखांची फडफड वेगळीच. शटरचा वेग वाढवून काम होत असेल तर नवा कॅमेरा घेण्यात अर्थ नाही.

मागे पाणी असेल तर

कुठला संच हे ठरवताना मी पक्ष्यामागे काय आहे ते आधी बघतो. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. पाणी पसरट आणि उथळ, त्यामुळे रोहित, पट्टकादंब, चक्रवाक उडतात तेव्हा मागे नुसतं पाणी किंवा आभाळ असतं. फोकसला भुलवणारं काही नाही. २०१६ साली आलेला डी५०० इथे आजही कुणाला हार जात नाही. त्याचे १५३ फोकस बिंदू चौकटीच्या जवळपास एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरलेले आहेत. एएफ-सी (सतत फोकस करत राहणारा मोड) ठेवून ग्रुप एरिया लावला की पाच बिंदू एकत्र काम करतात आणि त्यांच्या टप्प्यातली सगळ्यात जवळची गोष्ट धरतात.

ग्यानबाची मेख तिथेच आहे. रोहिताचे पंख पसरले की दीड मीटरच्या आसपास भरतात. तो आडवा जात असेल तर तुमच्या बाजूच्या पंखाचं टोक अंगापेक्षा पाऊण मीटर अलीकडे असतं. ५०० मिलिमीटर, एफ/५.६ आणि ३० मीटर अंतर धरलं तर धारदार येणारा पुढचा-मागचा पट्टा सगळा मिळून सुमारे ८० सेंटिमीटरचा. फोकस पंखाच्या टोकावर बसला तर डोळा त्या पट्ट्याबाहेर गेलाच. त्यामुळे बिंदू मानेवर ठेवायची सवय हाताला लावावी लागते. आर७ वर ४०० मिलिमीटर आणि एफ/८ ला हाच पट्टा पावणेदोन मीटरच्या आसपास येतो, शिवाय तो कॅमेरा डोळा स्वतः शोधतो. अंधारी म्हणून नावं ठेवलेली लेन्स इथे चूक पोटात घालते.

त्या अंधाराची किंमत मात्र पहाटे मोजावी लागते. एफ/५.६ ला १/२००० साठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढली की फोटो खरखरीत होतो) १६०० पुरत असेल, तर एफ/८ ला ३२०० लागणार. सूर्य वर आल्यावर कुणाला फरक कळणार नाही. उजाडता-उजाडता उठणारे थवे हेच तुमचं वेड असेल, तर कळेल.

आता पल्ला, म्हणजे लेन्स लांबचं किती जवळ आणते ते. ५०० की ४०० यावर लोक तावातावाने भांडतात, पण आर७ चे ३२.५ मेगापिक्सेल आणि डी५०० चे २०.९ हे धरून हिशोब केला तर एकाच अंतरावरच्या पक्ष्यावर दोन्हीकडे जवळपास सारखेच पिक्सेल पडतात. आर७ किंचित पुढेच. तेव्हा पल्ल्यासाठी डी५०० घेऊ नका.

मागे किंवा पुढे रान असेल तर

इथे पारडं फिरतं. बीड-लातूरकडे थंडीत हरभऱ्याच्या रानावरून भोवत्या (हॅरियर, एक शिकारी पक्षी) फिरताना बघा. पिकाच्या शेंड्यांना पोट घासेल इतका खाली येतो, संथ तरंगतो, मध्येच कलंडतो आणि उंदीर दिसला की जागच्या जागी वळून खाली झेपावतो. तुमच्या आणि त्याच्या मध्ये तुरीची ओळ, पलीकडे बांधावरची बाभळ. ग्रुप एरिया जवळची गोष्ट धरतो, म्हणून भोवत्या तुरीआड गेला की फोकस तुरीच्या शेंगांवर. बिंदू पक्ष्यावरून घसरले की फोकस बाभळीच्या काट्यांवर. फोटोत काटा अन् काटा मोजता येतो, पक्षी म्हणजे तपकिरी डाग. डी५०० वर यावर उपाय आहेत: २५ बिंदूंचा डायनॅमिक एरिया (निवडलेला बिंदू चुकला तर आजूबाजूचे मदतीला येतात) लावायचा आणि अडथळा आल्यावर फोकसने थोडं थांबावं म्हणून ब्लॉक्ड शॉट रिस्पॉन्स ४ किंवा ५ वर न्यायचा. पण मग सगळी भिस्त तुमच्या हातावर.

आर७ ला पक्षी म्हणजे काय हे शिकवलेलं आहे. सर्वो (कॅननचा सतत फोकस) लावून विषय 'प्राणी' ठेवला की फोकसची चौकट डोक्यावर, जवळ असेल तर डोळ्यावर बसते आणि तुरीपुढूनही बऱ्याचदा टिकते. फोकसच्या सेटिंगमधला केस २ निवडला तर अडथळ्याला भुलणं आणखी कमी होतं. पण ही जादू नव्हे. लांबचा तपकिरी पक्षी तपकिरी रानात असला की त्याला पक्षीच दिसत नाही आणि तोही मुकाट्याने बाभळ धरतो. पूर्ण चौकट मोकळी सोडण्यापेक्षा मधला लहान झोन ठेवून सुरुवात केलेली बरी. आणि ३० फोटो सेकंदाला देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरच्या मोहात पडू नका. सेन्सर सावकाश वाचला जातो, त्यामुळे फडफडणारे पंख केळीच्या पानासारखे वाकडे येतात. मेकॅनिकल शटरचे १५ भरपूर झाले. डी५०० चे १० आहेत, तेही कमी नाहीत.

वेडा राघू आणि भिंगरी असल्या लहान, चपळ पक्ष्यांसाठी मी सरळ मिररलेसच सुचवेन. राघूच्या बाबतीत एक सोय आहे, तो माशी धरून पुन्हा त्याच काडीवर येतो. काडीवर आधी फोकस करून ठेवला की कुठलाही कॅमेरा चालतो.

वजनाचं कुणी आधी बोलत नाही. डी५०० आणि २००–५०० मिळून तीन किलोच्या वर, आर७ आणि १००–४०० मिळून सव्वा किलो. धरणाचं पाणी ओसरल्यावर गाळपेराच्या चिखलातून चालताना हा फरक खांद्याला कळतो, आणि थकलेला हात पक्ष्याच्या मागे नीट फिरत नाही. उलट, डी५०० ची बॅटरी दिवसभर दम काढते; आर७ बरोबर जास्तीची बॅटरी खिशात हवीच. आर७ झोपलेला असला तर डोळा लावल्यावर दृश्य दिसायला क्षणभर जातो, तेवढ्यात नदी सुरय सूर मारून निघूनही गेलेला असतो. निकॉनच्या लेन्सवर सहा मीटरच्या अलीकडे शोधू नको असं सांगणारा खटका आहे, आरएफ १००–४०० वर तो नाही. म्हणून रिकाम्या आभाळात पक्षी शोधण्याआधी लांबच्या एखाद्या झाडावर फोकस करून घ्यावा.

दोघांनाही न जमणारी गोष्ट म्हणजे झळा. काळी माती तापली की थंडीतही दुपारच्या आत हवा लहरायला लागते आणि लांबचा पक्षी पाण्यातून बघितल्यासारखा येतो. तिथे डोळा ओळखणंही फुकट. लवकर जा, नाहीतर जवळच्या पक्ष्यावर समाधान माना. जवळ जाण्यासाठी थवा उडवायचा नाही, एवढं तरी पाळा. थंडीतले पाहुणे इथे पोट भरायला येतात.

तर नाथसागराच्या काठावर उभं राहून मोठे पक्षी टिपणाऱ्याने, आणि पैसे बेताचे असतील त्याने, डी५०० खुशाल घ्यावा. रानात फिरणाऱ्याने थोडं थांबून आर७ साठी पैसे साठवावेत.

जुना संच घेणार असाल तर दुकानात एक काम करा. वर्तमानपत्र टेबलावर तिरपं ठेवा, लेन्स ५०० वर आणि एफ/५.६ वर घ्या, एका ठळक मथळ्यावर फोकस करून फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून बघा. मथळ्याच्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या ओळी जास्त धारदार असतील तर फोकस सरकलेला आहे. थोडाफार असेल तर कॅमेऱ्यातल्या फाइन ट्यून या फोकस जुळवायच्या सेटिंगने सुधारतो. दर फोटोला वेगवेगळ्या ओळी धारदार येत असतील तर ती लेन्स तिथेच ठेवा.