‘अ हार्ड डेज नाइट’: २०१४ ची ब्लू-रे घ्यावी की नंतरची फोरके?

बीटल्सचा ‘अ हार्ड डेज नाइट’ संग्रही ठेवायचाय, पण ब्लू-रे घेऊ की फोरके (ब्लू-रेहून बारीक तपशील दाखवणारी नवी डिस्क), असं या महिन्यात दोन मित्रांनी विचारलं. माझ्या कपाटात दोन्ही आहेत. आधी ब्रिटनमध्ये २०१४ साली निघालेली ब्लू-रे आली, मग क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीची २०२२ ची फोरके घेतली.

चित्राचं आधी सांगून टाकतो, कारण तिथे फारसा वाद नाही. १९६४ च्या या सिनेमाला पन्नास वर्षं झाली तेव्हा मूळ कॅमेरा निगेटिव्ह हाताशी घेऊन फोरकेमध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला आणि दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर यांनी त्याला पसंती दिली. दोन्ही डिस्क त्याच कामातून निघाल्या आहेत, त्यामुळे ब्लू-रेसुद्धा देखणीच आहे. शेवटी स्काला थिएटरमधल्या कार्यक्रमात छायालेखक गिल्बर्ट टेलर यांनी दिव्यांचे झोत थेट लेन्समध्ये येऊ दिलेत. फोरकेवर त्या झोतांच्या कडेला ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक कण, सळसळताना दिसतो, ब्लू-रेवर तो थोडा दबल्यासारखा वाटतो. पण ५५ इंची टीव्हीसमोर नऊ-दहा फुटांवर बसून मला हा फरक शोधावा लागला. प्रोजेक्टर असेल तर कदाचित तुमचं मत वेगळं पडेल.

आवाजासाठी मात्र कुठलीही डिस्क घेतलीत तरी मोनोच, म्हणजे एकाच वाटेने येणारा आवाज, लावा, असं सुचवेन. जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी फाइव्ह पॉइंट वन, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरांतून येणारा आवाज, मोठ्या निगुतीने केलंय, गाणी त्यात छान मोकळी होतात. पण रेल्वेच्या सामानाच्या डब्यात ही चौघं पत्ते खेळता खेळता गायला लागतात तो प्रसंग पाहा. संवाद समोरून येतात, गाणं सुरू झालं की आवाज खोलीभर पसरतो आणि ती पोरं डब्यातून बाहेर पडल्यासारखी वाटतात. मोनोत ती तिथेच राहतात, जाळीपलीकडे. उपशीर्षकंही चालू ठेवा. लिव्हरपूलची बोली पहिल्यांदा कानात बसत नाही आणि ॲलन ओवेन यांच्या संवादांतला एकही शब्द गमावण्यासारखा नाही.

आता माझा निर्णय कशाने झाला ते. ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग पाडलेत. अमेरिका ए, ब्रिटन बी आणि आपण सी. वहिनी बर्मिंगहॅमहून येताना ती ब्लू-रे घेऊन आली. बाबांना हा सिनेमा त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत पाहायचा राहून गेला होता. रविवारी संध्याकाळी त्यांना खुर्चीत बसवलं, डिस्क आत सरकवली, तर पडद्यावर एकच ओळ: या विभागात ही डिस्क चालणार नाही. काढून पुसली, पुन्हा लावली. प्लेअर बंद करून सुरू केला. तीच ओळ. बाबांनी पंधरा-वीस मिनिटं वाट पाहिली, “लागत नाही का रे? राहू दे” म्हणाले आणि आत निघून गेले. ते मला फार लागलं. पैसे मोजून घेतलेली, अस्सल डिस्क आणि माझ्याच घरात ती मुकी.

डीव्हीडीच्या काळी पुष्कळ प्लेअर रिमोटवर चार आकडे दाबून मोकळे करता यायचे. ब्लू-रेच्या बाबतीत ते सहसा जमत नाही, सगळ्या विभागांच्या डिस्क चालवणारा मल्टी-रीजन प्लेअरच शोधावा लागतो. अमेरिकेतली ब्लू-रे मागवूनही सुटका नाही, ती ए विभागाची. माझी डिस्क चालली ती जवळजवळ वर्षभराने, एका मित्राने तसा प्लेअर घरी आणला तेव्हा.

फोरके डिस्कला विभागाचं बंधन नसतं. कुठूनही मागवा, कुठेही लावा. मला ती आयात खर्चासकट बरीच महाग पडली हे खरं आणि ती चालवायला फोरके प्लेअर हवा. आमच्याकडे भाच्याचा डिस्कवाला प्लेस्टेशन ५ कामी आला. एक गोष्ट लक्षात ठेवा: त्याच संचात जी ब्लू-रे येते ती मात्र ए विभागातच अडकलेली असते. लेस्टर यांनी पीटर सेलर्स आणि स्पाइक मिलिगन यांना घेऊन केलेला अकरा मिनिटांचा लघुपट त्याच ब्लू-रेवरच्या पुरवणीत आहे आणि त्यासाठी जीव टाकणारे रसिक मला माहीत आहेत. तुमच्याकडे मल्टी-रीजन प्लेअर आधीपासून असेल तर ब्लू-रे घ्या, चित्रात फार काही गमावणार नाही. नसेल तर मी तरी फोरकेच घ्या म्हणेन.

बाबांनी ती गेल्या दिवाळीत पाहिली. सामानाच्या डब्यातलं गाणं संपल्यावर त्यांनी हात वर करून थांबायला सांगितलं आणि ते पुन्हा पहिल्यापासून लावायला लावलं.