बूट काढल्यावर कोचिंग करायचंय? क्रेस्पोचा रस्ता की फोर्लानचा

खेळणं संपत आलंय आणि आता कोच व्हायचं डोक्यात आहे अशा फुटबॉलमधल्या फॉरवर्ड लोकांसाठी लिहितोय. अर्जेंटिनाचा हर्नान क्रेस्पो आणि उरुग्वेचा डिएगो फोर्लान, दोघं एकाच वळणावर आले आणि पुढे दोघांचं पार वेगळं झालं.

खेळाडू म्हणून कोण भारी यात वेळ घालवत नाही. फोर्लानकडे 2010 च्या वर्ल्ड कपचा गोल्डन बॉल (स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू) आहे, दोनदा युरोपियन गोल्डन शू (युरोपातल्या लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल), आणि 2016 ला मुंबई सिटीकडून अंधेरीत त्याने केरळाविरुद्ध मारलेली हॅटट्रिक तर आपल्यातल्या कित्येकांनी स्टँडमध्ये बसून बघितलीय. क्रेस्पोचे अर्जेंटिनासाठी 64 मॅचमध्ये 35 गोल, 2005 च्या चॅम्पियन्स लीगच्या इस्तंबूल फायनलमध्ये मिलानकडून दोन गोल मारले तरी टीम हरली. मला विचाराल तर फोर्लान जरा वर.

पण कोचिंगची सुरुवात बघा. फोर्लान 2019 मध्ये रिटायर झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी थेट उरुग्वेतल्या पेन्यारोल या मोठ्या क्लबचा कोच! त्याचे वडील पाब्लो या क्लबचे मोठे खेळाडू, तो स्वतः तिथे लीग जिंकलेला, म्हणजे घरचंच काम. पण पेन्यारोलमध्ये दरवर्षी ट्रॉफी लागतेच, नवीन माणसाला शिकायला वेळ कोण देणार, त्यात मार्च 2020 ला कोरोनाने लीग थांबली, ऑगस्टमध्ये परत सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत त्याला काढलं, हातात मॅच किती तर फक्त 11. मला याचं खरंच वाईट वाटतं. 2021 ला उरुग्वेच्याच सेकंड डिव्हिजनच्या अतेनास क्लबमध्ये काही महिने काढले, तेही टिकलं नाही. पुढे तो टेनिसकडे वळला, 2024 ला माँटेव्हिडिओमध्ये प्रोफेशनल स्पर्धेत डबल्स खेळला.

क्रेस्पोने आधी इटलीतल्या पार्मा क्लबची पोरांची टीम घेतली. मग इटलीच्या सेकंड डिव्हिजनमधलं मोडेना, तिथून मार्च 2016 मध्ये सीझन संपायच्या आतच काढलं. पुढे अर्जेंटिनात बानफील्ड, तिथेही वर्षभरसुद्धा नाही. म्हणजे अपयश दोघांनाही आलं, फरक एवढाच की क्रेस्पोचं अपयश लहान जागेत आलं, तिथे फारसं कोणी बघत नव्हतं. आणि मग 2020 ला त्याने डिफेन्सा इ हुस्तिसिया घेतला, 2014 ला पहिल्यांदा वरच्या डिव्हिजनमध्ये आलेला क्लब, कपाटात एकही मोठी ट्रॉफी नाही. जानेवारी 2021 मध्ये कोर्दोबा शहरात लानूस क्लबला 3-0 हरवून कोपा सुदामेरिकाना ही दक्षिण अमेरिकेतल्या क्लबची स्पर्धा जिंकली. मला तर त्याच्या सगळ्या कामात हेच सगळ्यात मोठं वाटतं. नंतर ब्राझीलच्या साओ पावलो क्लबला 2005 नंतरचं पहिलं स्टेट टायटल (राज्याची स्पर्धा), कतारमध्ये अल दुहैलसोबत लीग, आणि 2024 ला यूएईच्या अल ऐनसोबत एशियन चॅम्पियन्स लीग, तीसुद्धा रोनाल्डोच्या अल नस्रला आणि मग अल हिलालला बाहेर काढून. फायनलची पहिली मॅच योकोहामाकडून 2-1 हरले आणि घरच्या मैदानावर 5-1 मारले.

म्हणून माझं मत साफ आहे, क्रेस्पोचा रस्ता. आपल्याकडे कोचिंगच्या अगदी सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी एक म्हणजे डी लायसन्स, ते करा, अंडर-13, अंडर-15 ची पोरं घ्या, चुका तिथे होऊ द्या. ज्या क्लबच्या जर्सीत तुमचं नाव झालं त्यांनी पहिल्याच वर्षी सिनियर टीम देऊ केली तर मोह होणारच, पण असिस्टंट म्हणून दोन सीझन मागून घ्या.

एक गोष्ट मात्र घरी आधीच बोलून ठेवा. आशिया जिंकून सहा महिने होतात न होतात तोच अल ऐनने क्रेस्पोला काढलं, 2025 ला तो परत साओ पावलोत गेला, म्हणजे 2015 पासून धरलं तर दहा वर्षांत पाच देश. मुलांची शाळा, बायकोची नोकरी, भाड्याचं घर हे सगळं धरून तुम्हाला झेपणार आहे का ते बघा, फॉर्मेशनचं नंतर बघता येईल.